अंड्यावरची बदकं आणि त्यांची तब्येत : नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागच्या सांदवाडीत आमच्याकडे खाकी कॅम्पबेल जातीच्या चार बदक-माद्या आहेत, सगळ्या अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या. सकाळी फिरायला निघालेली मंडळी फाटकापाशी थांबतात आणि काही ना काही विचारतात. काही प्रश्न आता इतके पाठ झालेत की उत्तरं एकदाची लिहूनच टाकली. मी डॉक्टर नाही, नुसता पाळणारा. औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. ते मुद्दाम वगळलेत.

बदक आजारी आहे हे ओळखायचं कसं?

उशिरा ओळखू येतं, तिथेच घोळ होतो. रानात जे बदक लंगडताना दिसतं त्याच्यावरच झडप पडते, म्हणून दुखणं लपवायची खोड त्यांच्या रक्तातच आहे. मान टाकून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेलं बदक आपल्याला ‘आज’ आजारी दिसतं. खरं म्हणजे ते तीन-चार दिवसांपासून तसं असतं.

म्हणून आजाराची लक्षणं पाठ करण्याआधी आपलं बदक धडधाकट असताना कसं वागतं ते पाठ करावं. आमच्याकडे खुराड्याचं दार उघडलं की ठमी पहिली बाहेर येते. दार पूर्ण उघडायच्या आत तिची चोच फटीत असते. मागून दोघी ढकलाढकली करत, आणि सगळ्यात शेवटी मास्तरीण, मान ताठ ठेवून, शाळेच्या तपासणीला निघाल्यासारखी. हा क्रम मोडला की काहीतरी बिनसलंय असं मी धरून चालतो. आजवर तीनदा मोडला, त्यातल्या दोन वेळा डॉक्टरकडे जावं लागलं.

रोज नेमकं काय बघायचं?

दार उघडल्यापासूनची पाच मिनिटं फक्त बघायचं. खाणं टाकायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. चाल सरळ आहे का, एखादा पाय उचलून धरलाय का? डोळे गोल आणि ओले-चमकदार हवेत. कडेला फेस किंवा चिकटलेली पिसं नकोत. नाकपुड्या मोकळ्या हव्यात. शेपटी दर श्वासाला खालीवर होत असेल तर श्वास घ्यायला जोर लागतोय. शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत का तेही बघा. घमेल्यात ताजं पाणी ओतलं की चौघी धावतात. जी धावत नाही तिला उचलून तपासा.

आवाजाकडेही कान ठेवा. मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ ओरडते ती मादी. नराचा आवाज बसलेला, घोगरा असतो. मादीचा आवाज अचानक घोगरा झाला तर तिच्या श्वासनलिकेचं काहीतरी आहे.

वही ठेवायची खरंच गरज आहे का? चारच तर बदकं!

चारच आहेत म्हणूनच सोपं आहे. माझी वही किराण्याच्या हिशोबाचीच, मागच्या पानांवरून सुरू केलेली. एक नोंद जशीच्या तशी देतो :

‘१२ मे. अंडी ३. ठमीचं नाही (सलग दुसरा दिवस). बाहेर तिसरी आली. दाणे चोचीत घेऊन टाकते. शी हिरवी, पातळ. वजन १ किलो ६४०, मागच्या रविवारी १ किलो ८३०.’

यातली एकेक ओळ सुटी वाचली तर उन्हाळ्यामुळे असेल म्हणून सोडून दिली असती. सगळ्या एकाखाली एक दिसल्या म्हणून त्याच दिवशी रिक्षा बोलावली. पुढे काय निघालं ते खाली येईलच.

वजन कसं करायचं? ती हातात येतच नाहीत.

रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा लटकता काटा आणि कापडी थैली घ्या. रात्री खुराड्यात अंधार असताना बदक शांत असतं, तेव्हा दोन्ही पंख अंगाशी दाबून दोन हातांनी उचला आणि थैलीत ठेवा. डोकं बाहेर राहू द्या. मानेला किंवा पायाला धरून कधीही उचलू नका. बाजारात तसं धरतात खरं, पण बदकाचे पाय नाजूक असतात आणि सांधा पटकन निखळतो.

अंड्यावरची खाकी कॅम्पबेल मादी साधारण १.८ ते २.२ किलोची असते. आकड्यापेक्षा उतार बघा. दहावा हिस्सा वजन आठवड्यात उतरलं तर वाट बघू नका. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखं टोचलं तर बदक खंगलंय.

अंडी अचानक बंद झाली. आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी बागेत, कुंड्यांमागे, लाकडांच्या ढिगाखाली शोधा. बदकं अंडी लपवण्यात पटाईत असतात. बहुतेक माद्या सकाळी नऊच्या आत अंडं देतात, म्हणून मी त्यांना त्यानंतरच मोकळं सोडतो.

मग कॅलेंडर बघा. भरपूर अंडी यायला १४ ते १६ तास उजेड लागतो. नागपुरात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा. हिवाळ्यात अंडी कमी येणारच. पोल्ट्रीवाले बल्ब लावून ही कसर भरून काढतात. घरच्या बदकांना ती विश्रांती मिळू द्यावी असं माझं मत आहे. पिसं झडायला लागली की दीड-दोन महिने अंडी बंद, कारण अंगातलं सगळं प्रथिन नव्या पिसांना जातं. अंगणभर पिसं दिसली तर घाबरू नका. खुडूक बसणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, हे आणखी एक कारण, पण खाकी कॅम्पबेल क्वचितच खुडूक बसते. मस्कोव्ही जातीची बदकं मात्र हमखास.

अंडी बंद आणि खाणंही कमी, किंवा अंडी बंद आणि पोट लोंबतंय, अशी जोडी दिसली तर हे सगळं विसरा आणि डॉक्टर गाठा. अंड्याचा बलक पोटात सांडून आत जंतुसंसर्ग होतो तेव्हा नेमकं असंच दिसतं.

कवच पातळ येतंय, कधी नुसती कातडीच. कॅल्शियम वाढवू का?

महिना कोणता आहे ते आधी सांगा!

मे महिना असेल तर दोष बहुधा उन्हाचा. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतात. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातला कार्बोनेट रक्तातून यायचा असतो. तोच कमी पडला तर कॅल्शियम कितीही ओता, कवच पातळच. तेव्हा इलाज सावलीचा आणि पाण्याचा.

इतर महिन्यांत मात्र खाणं तपासा. नुसते तांदूळ, कणी आणि शिळ्या पोळ्यांवर अंड्यावरची मादी टिकत नाही. तिला १६ ते १८ टक्के प्रथिनाचं लेयर फीड (अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य) हवं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, फीडमध्ये मिसळू नका. जिला हवा ती खाईल. नराला आणि अंडी न देणाऱ्या माद्यांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, म्हणून ती वाटी मी संध्याकाळी भरतो. भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफलंही चालतात.

मादी सकाळपासून जोर काढतेय, अंडं येत नाही. घरी काय करू?

अंडं अडकलं असेल. पेंग्विनसारखी उभी राहते, शेपटी खालीवर हलते, घरट्यात जाते-येते, मग थकून बसते. टबात पोटापर्यंत कोमट पाणी घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग अंग पुसून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. सैल झालं तर अंडं येतं.

एक-दोन तासांत आलं नाही तर डॉक्टरकडे. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आमच्या एका परिचितांनी ते केलं. अंडं आत फुटलं आणि कवचाच्या कडांनी आतला मार्ग फाटला. मादी वाचली नाही. अंड्याच्या जागी लाल, ओलं मांस बाहेर दिसत असेल तर ते स्वच्छ पाण्याने ओलं ठेवा, बाकीच्यांपासून तिला वेगळं करा (टोचून टोचून घाण करतात) आणि लगेच निघा.

नवतप्यात (मेअखेरच्या भर उन्हाच्या नऊ दिवसांत) ती जगतात तरी कशी?

जगतात, पण आपण हलगर्जी केली तर नाही. बदकाच्या अंगाचं तापमानच ४१-४२ अंश असतं. बाहेर ४५ झाले की उष्णता अंगातून बाहेर जायचं सोडून उलटी आत येते. अशा वेळी उपयोग होतो तो चोचीचा आणि पायांचा, कारण तिथे पिसं नाहीत. म्हणून पाय बुडतील एवढं गार पाणी सावलीत दिवसभर हवं. ‘गार’वर जोर द्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी चहा करावा असं असतं. ते ओतून काय उपयोग? मी पहाटे मातीची नांद भरून कडुलिंबाखाली ठेवतो, वर ओलं पोतं. दुपारी दाणे देत नाही. खाणं सकाळी सहाला आणि ऊन उतरल्यावर.

चोच उघडी, पंख अंगापासून लांब एवढंच असेल तर सावली-पाणी पुरेसं. झोकांड्या खात असेल किंवा आडवी पडली असेल तर पाय आणि चोच गार पाण्यात धरा, पंख्याखाली न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आणि कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी त्यांना पाजू नका. कूलरमधून काढलेली जुनी वूड-वूल (ताट्यांमधला लाकडाचा कीस) खुराड्यात अंथरायची कल्पनाही अनेकांना सुचते. फुकटची मऊ गादी! पण ती महिनोन् महिने ओली राहिलेली असते, आणि तिच्यातली बुरशी बदकांच्या फुप्फुसात बसते. त्यावर औषध फारसं लागू पडत नाही.

ठमीला काय झालं होतं?

सगळे हेच विचारतात. मेच्या पहिल्या आठवड्यात कूलरला नवीन ताट्या बसवल्या. जुनी बांधणीची तार कापताना बोटाच्या पेराएवढे तुकडे अंगणात पडले, आणि मी झाडून घेतलं नाही. बदकं चमकणारी वस्तू चिखलातूनही शोधून गिळतात. एक्स-रेमध्ये ठमीच्या पोटात, जिथे दाणे भरडले जातात त्या भागात, दोन तुकडे अगदी स्पष्ट दिसले, पेन्सिलीने रेघ ओढावी तसे. तारेवर जस्ताचा मुलामा असतो. तो पोटातल्या आम्लात विरघळून विष भिनतं. हिरवी शी, अशक्तपणा, वजन उतरणं, सगळं त्याचंच. इंजेक्शनं झाली, पुढे तुकडेही काढावे लागले. अंड्यावर यायला तिला दोन महिने लागले.

तेव्हापासून जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून मी दर रविवारी अंगणात फिरवतो. पोट्टे हसतात. मागच्या वेळी तीन खिळे, एक स्टेपलरची पिन आणि पतंगाच्या चक्रीचा स्क्रू निघाला.

पावसाळ्यात मका-ढेप जरा वास मारते, पण वाळवून दिली तर चालेल नं?

नाही. अजिबात नाही. मका आणि शेंगदाण्याच्या ढेपेवर वाढणाऱ्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, वाळवून किंवा शिजवून जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, ते शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषाने. तिथूनच त्याचा शोध लागला. आणि पाळीव पक्ष्यांत बदक या विषाला सगळ्यात आधी बळी पडतं. इतकं, की हे विष ओळखायला सुरुवातीच्या काळात बदकाची पिल्लंच वापरत. शेजारच्या कोंबड्या तेच खाऊन ठणठणीत दिसतात, म्हणून माणूस फसतो. यकृत हळूहळू निकामी होतं; बाहेरून दिसतं ते एवढंच, की अंडी घटली, वजन घटलं.

स्वस्त पडतं म्हणून इतवारीच्या बाजारातून वर्षाचं पोतं भरू नका. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांचंच फीड आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. तणस अंथरत असाल तर ओलं झालं की त्याच दिवशी बदला.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे माशा. शेपटीखाली घाण चिकटली किंवा बारीकशी जखम झाली की दिवसभरात अळ्या पडतात. या दिवसांत रोज संध्याकाळी उचलून बघाच.

मान दोरीसारखी लोंबतेय, पाय गेलेत. साप चावला का?

त्यापेक्षा बोट्युलिझमची शक्यता जास्त. साचलेलं कुजकं पाणी, मेलेला उंदीर-घूस, त्यावरच्या अळ्या यांत एका जिवाणूचं विष तयार होतं; बदक ते खातं आणि पायांपासून वर लुळं पडत जातं. ही धावपळीची वेळ आहे. बाकीच्या बदकांना त्या पाण्यापासून लगेच हटवा. रोग्याचं डोकं पाण्यात जाणार नाही असं ठेवा, नाहीतर ते बुडून मरतं. कारण शोधायला अंगणातल्या नालीपासून सुरुवात करा.

लंगडतेय. मुरगळलं असेल?

तळपाय उलटा करून बघा. मध्यभागी काळी, टणक खपली आणि भोवती सूज असेल तर तो बंबलफूट, म्हणजे आत पू. सिमेंट आणि खरबरीत फरशीवर चालून तळवे घासतात आणि जंतू शिरतात. सुरुवातीलाच दाखवलं तर मलमपट्टीवर भागतं. स्वतः ब्लेडने खपली काढू नका. जमिनीवर मऊ माती किंवा धानाचा कोंडा पसरा. पिल्लांचे पाय वाकत असतील तर मात्र नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतंय. बदकाला ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं आणि कोंबडीच्या पिल्लांच्या फीडमध्ये पुरेसं असेलच असं नाही.

शी कशी असावी?

तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी. बदक पाणी फार पितं, म्हणून थोडी पातळ चालते. दिवसातून काही वेळा काळसर, घाण वासाची येते, तीही ठीक. गडद हिरवी, पिवळी किंवा रक्ताची असेल तर नाही.

पोहायला तळं लागतं का? रविवारी फुटाळ्यावर नेऊ?

तळं लागत नाही. पण डोळे आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी लागतंच. नाहीतर डोळे चिकटतात. दोन घमेली पुरे. फुटाळा, अंबाझरी नको. हिवाळ्यात तिथे बाहेरून आलेली रानबदकं उतरतात, आणि त्यांचे रोग आपल्या अंगणात आणायचं काही कारण नाही.

बर्ड फ्लूची भीती आपल्याला कितपत?

भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, पण तो दूरचा आणि जुना म्हणून सोडू नका. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्याच विषाणूने, दगावले. बदकाची खास अडचण अशी की ते हा विषाणू घेऊन ठणठणीत फिरू शकतं. म्हणून दाणे-पाणी उघड्यावर ठेवू नका. कावळे-कबुतरं त्यात तोंड घालतात. कोंबड्यांचं मांस धुतलेलं पाणी आणि कच्चे तुकडे बदकांना नकोत.

एकदम दोन-तीन बदकं मेली, डोकं सुजलं, मान वळली तर मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, नालीत किंवा कचरागाडीत टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अनेक जण कळवत नाहीत, कारण रोग पक्का झाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, आपले लाडकेसुद्धा. ती भीती मी समजू शकतो. तरीही कळवा.

लस असते का?

डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची असते; साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. घरच्या चार बदकांसाठी ती मिळवायला खटपट पडते, कारण कुपी शंभरेक पक्ष्यांची येते. दोन-तीन पाळणाऱ्यांनी मिळून डॉक्टरांना विचारा.

औषध चालू असताना अंडी खायची का?

नाही. अँटिबायोटिक आणि जंताचं औषध अंड्यात उतरतं. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं असतं. चिठ्ठीवर लिहून घ्या. तेवढे दिवस अंडी फेका, शेजाऱ्यांनाही वाटू नका. एरवीही बदकाचं अंडं पूर्ण शिजवूनच खा, कारण ते चिखलात पडतं आणि साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. खुराडं साफ केल्यावर साबणाने हात, लहान मुलांचे तर आधी.

नागपुरात दाखवायचं कुठे?

कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी बघणारे थोडेच. फोन करून ‘बदक बघता का’ असं आधी विचारा. सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेता येतं. झाकणाच्या बास्केटमध्ये, खाली जुनं टॉवेल घालून न्या. सोबत त्या सकाळची शी प्लास्टिकच्या डबीत, शेवटचं अंडं, फीडचा मूठभर नमुना आणि वही. रांगेत ‘अरे, बदक घेऊन आला बाप्पा!’ असं कोणीतरी म्हणेलच.

एकच बदक पाळलं तर चालेल?

नको. एकटं बदक खात नाही, ओरडतं, झुरतं. मग आजार कोणता आणि एकटेपणा कोणता ते कळत नाही. दोन माद्या घ्या. अंड्यांसाठी नर लागत नाही, आणि एका नरामागे पाच-सहा माद्या नसतील तर तो त्यांच्या मानेवरची पिसं उपटून ठेवतो. नवीन आणलेलं बदक महिनाभर वेगळं ठेवा, त्याचं घमेलंही वेगळं.